आजारी आप्तासाठी झोळी पसरताना

घरातील एखाद्याला कर्करोग झाला वा मूत्रपिंडे निकामी झाली, की उपचारांचा खर्च ऐकून सारे कुटुंब हादरते. अशा वेळी कोणा एकाला पुढे होऊन निधी जमवण्याची जबाबदारी घ्यावी लागते. पण लोकांपुढे हात पसरणे दीनला पसंत नाही, या विचाराने अनेक स्वाभिमानी माणसे अडखळतात. म्हणून या बाबतीतील शिकवण नीट समजून घेऊ या.

गरज नसताना मागणे निषिद्धच आहे. तथापि, सहीह मुस्लिममधील हजरत कबीसा (रजि.) यांच्या हदीसनुसार प्रेषित मुहम्मद (स.) यांनी तिघांना मागण्याची मुभा दिली: ज्याने इतरांचे देणे अंगावर घेतले, ज्याची मालमत्ता आपत्तीत नष्ट झाली आणि ज्याच्या हलाखीची ग्वाही त्याच्या लोकांतील तीन समंजस माणसे देतील. ही मुभाही गरज भागेपर्यंतच. याच संग्रहात आणखी एक प्रसंग आहे. मुदर कबिल्याची दैन्यावस्था पाहून प्रेषितांच्या (स.) चेहऱ्याचा रंग पालटला. नमाजनंतर त्यांनी स्वतः लोकांना दानाचे आवाहन केले. एका अन्सारी सहाबींनी हाताला पेलवेना अशी थैली आणली आणि पाहता पाहता धान्याचा व कपड्यांचा असे दोन ढीग उभे राहिले. दुसऱ्याच्या संकटासाठी आवाहन करणे ही लाचारी नव्हे, हे यावरून स्पष्ट होते.

मात्र ही जबाबदारी घेणाऱ्याने चार गोष्टी पाळाव्यात.

पहिली, आरंभ स्वतःपासून करावा. नातलगाला दिल्यास सदका व सिलारहमी असे दुहेरी पुण्य लाभते. भाऊ, बहीण, काका, मावशी पात्र असल्यास त्यांना जकातही देता येते. आईवडील व मुले यांना नाही, कारण त्यांचा सांभाळ हे आपलेच कर्तव्य आहे.

दुसरी, मागण्यापूर्वी हक्काचे शोधावे. महाराष्ट्रात महात्मा ज्योतिराव फुले जन आरोग्य योजना आहे. धर्मादाय रुग्णालयांत 10 टक्के खाटा निर्धनांसाठी मोफत व 10 टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीच्या दरात राखीव असतात.

तिसरी, जमलेला पैसा ही अमानत आहे. पैशापैशाचा हिशेब लिहावा आणि जकात व सदका वेगळे ठेवावेत. हनफी मतानुसार जकात रुग्णाच्या मालकीची व्हावी लागते. म्हणून ती परस्पर रुग्णालयात भरण्यापूर्वी त्याची संमती घ्यावी. रक्कम उरली तर देणाऱ्यांना विचारल्याविना ती अन्यत्र वापरू नये.

चौथी, रुग्णाची अब्रू जपावी. त्याच्या परवानगीविना छायाचित्र वा आजाराचा तपशील पसरवू नये. त्याच्या वेदनेचे प्रदर्शन मांडून मिळालेला पैसा त्याच्या मनाला नवी जखम करतो. देणाऱ्यांनीही सूरह बकरा, आयत 264 मधील ताकीद ध्यानात ठेवावी: उपकार बोलून दाखवल्याने दान वाया जाते.

वाचक बंधू-भगिनींनो, प्रयत्न आपल्या हाती आहेत, शिफा अल्लाहच्या हाती. आपल्या प्रयत्नांनंतरही रुग्ण वाचला नाही, तरी नेक नियतीने केलेली धावपळ त्याच्यापाशी व्यर्थ जात नाही. अल्लाह तआला सर्व आजाऱ्यांना शिफा देवो आणि आपल्या हातून अमानतीचा हक्क अदा करून घेवो. आमीन.