सकाळची कुंडलिका दुपारी कुठे जाते?

प्रश्न : मे महिन्यात आम्ही मित्र कोलाडला राफ्टिंगला गेलो होतो. ताम्हिणीत एकाही ओढ्याला थेंब नव्हता, पण सकाळी नऊला कुंडलिका दुथडी भरून चाललेली. दुपारी जेवून पुन्हा काठावर आलो, तर म्हशी आरामात नदी ओलांडत होत्या! हे पाणी येते कुठून? आणि पुढच्या वर्षी धरण-बिरण नसलेल्या रानच्या नदीवर जायचा बेत आहे, त्याची आखणी कशी करावी?
– एक वाचक, औंध, पुणे

उत्तर : गंमत अशी की ते पाणी खरे तर तुमच्याच दारावरून जायचे. औंधच्या पुलाखालची मुळा वर मुळशीला अडवली आहे. ती मोकळी असती तर मुठेला भेटून, भीमा-कृष्णेबरोबर बंगालच्या उपसागराला गेली असती. टाटांनी तिचे पाणी उलटे, पश्चिमेकडे वळवले. सह्याद्रीच्या कड्यावरून सुमारे ५०० मीटर खाली, भिऱ्याच्या वीजघरात ते येते आणि तिथून कुंडलिकेत. म्हणजे तुम्ही वल्हवलेत ते पाणी रेवदंड्याच्या खाडीतून अरबी समुद्राला मिळाले. भिऱ्याचे वीजघर १९२७ पासून चालू आहे. सेनापती बापटांचा मुळशी सत्याग्रह झाला तो याच धरणाविरुद्ध, १९२१ मध्ये सुरू झालेला. राफ्टमध्ये बसून आरडाओरडा करताना हे कुणाला आठवत नाही, आठवावे अशी माझी सक्तीही नाही.

आता सकाळ-दुपारचे कोडे. कोळशाचा संच थंड पडला की तापून चालू व्हायला कित्येक तास घेतो. पाण्याचे चाक झडप उघडली की काही मिनिटांत फिरते. म्हणून विजेची मागणी चढते तेव्हा पाणी सोडायचे, उतरली की राखायचे, असा जलविद्युतचा हिशेब. भिऱ्यातून निघालेले पाणी थोडे खाली रवाळज्याला आणखी एकदा वीज करते आणि मग नदीच्या स्वाधीन होते. कोलाडची राफ्टिंगवाली मंडळी सकाळपासून एकमेकांना फोनवर एवढेच विचारत असतात, ‘पाणी सुटलं का?’

मी एकदा या प्रश्नाला किंमत न देता आरामात मिसळ खाऊन अकराला पोचलो होतो. गाईडने काही न बोलता काठावरच्या दगडांकडे बोट केले. दगड कमरेएवढ्या उंचीपर्यंत ओले होते, त्या ओल्या रेघेच्या वर कोरडे ठणठणीत, आणि पाणी घोट्याशी. पैसे परत मिळाले, रविवार नाही.

तेव्हा कोणत्याही नदीची आखणी करताना हॉटेल आणि गाडी नंतर. आधी एकच विचारा : हिचे पाणी कुठून येते आणि केव्हा येते?

धरणाची चावी नसलेली नदी हवी तर लडाखची झांस्कर बघा. ऋषिकेशची गंगा जवळची वाटते, पण भागीरथीवर टिहरी धरण आहे, आणि जुलै-ऑगस्टमध्ये पुरामुळे तिथले राफ्टिंग बंदच असते. झांस्करचा हंगाम नेमका त्याच दोन महिन्यांत, कारण ती पावसावर नव्हे, वितळत्या बर्फावर चालते. तिलाही कुंडलिकेसारखी रोजची भरती-ओहोटी आहे, फक्त तिथला वीजघरवाला सूर्य. दिवसभर ऊन लागते, बर्फ वितळते आणि वरून पाणी खाली पोचेपर्यंत संध्याकाळ नाहीतर रात्र होते. पहाटे नदी त्यातल्या त्यात शांत. म्हणून काठावर मुक्काम असेल तर संध्याकाळी पाण्याच्या कडेला एक दगड ठेवा आणि झोपण्यापूर्वी तो दिसतो का बघा. तंबू तर चांगलाच वर ठोका. पहिल्याच खेपेला दरीतल्या अनेक दिवसांच्या मोहिमेच्या फंदात पडू नका. चिलिंग ते निमू हा एका दिवसाचा टप्पा आहे, निमूला ती सिंधूला मिळते. तेवढा पुरे.

पावसावरच्या नद्यांचे मात्र वेळापत्रक नसते. डोक्यावर ऊन असताना वर कुठेतरी ढग रिकामा होतो. पाणी अचानक गढूळ झाले, काटक्या-पालापाचोळा वाहत येऊ लागला, की पोहणे, फोटो, सगळे सोडून वर चढायचे.

उतारांना एक ते सहा अशा श्रेणी असतात. कोलाड दोन-तीनमध्ये बसते, नवख्याने त्यापुढे जाऊ नये. पोहता येत असले तरी लाइफ जॅकेट घट्टच हवे. घातल्यावर मित्राला खांद्याचे पट्टे धरून वर ओढायला सांगा. जॅकेट कानापर्यंत सरकले तर ते पाण्यात तुम्हाला सोडून जाईल. पाण्यात पडलात तर उताणे व्हा, पाय पुढे, प्रवाहाच्या दिशेने, बोटे पाण्याबाहेर. उभे राहायचा मोह भल्याभल्यांना होतो, कारण पाणी गुडघाभरच दिसते. पण पाऊल दोन दगडांत अडकले की मागून येणारे पाणी माणसाला तोंडावर पाडून तसेच दाबून ठेवते. माझ्या मते राफ्टिंगमधला खरा धोका हाच, उलटलेली राफ्ट नव्हे. वल्ह्याच्या टोकाची आडवी मूठही सोडू नका. सुटलेली मूठ शेजाऱ्याचे दात पाडते.

झांस्करचे पाणी बर्फाचे, तेव्हा ओल्या अंगावर ऊब धरणारा वेटसूट देतात का, हे पैसे भरण्याआधी विचारा. आणि विमानाने जाणार असाल तर रजा दोन दिवसांनी वाढवून घ्या. लेह सुमारे ३५०० मीटरवर आहे. पहिले दोन दिवस पाणी प्या, झोपा, बाजारात हळूहळू फिरा. नदीचे नाव तिसऱ्या दिवशी काढा.