मोगरा-मस्क की गुलाब-मस्क? माल भरण्याआधी चार तास थांबा

घाटंजीच्या एका ताईंचं बांगड्या-कटलरीचं छोटं दुकान आहे. लग्नसराईत अत्तर ठेवायचं ठरवलंय. व्यापाऱ्याने दोन नमुने दिले, मोगरा-मस्क आणि गुलाब-मस्क. दोन्ही सौम्य. हातात पैसे एकाच डझनाचे. त्या म्हणाल्या, "सर, मला मोगराच बरा वाटतो. गुलाबवालं दुपारपर्यंत गायबच होते."

आधी हिशोब बघू. समजा 6 मिलीची पॅकबंद बाटली 120 रुपयांना पडली, विकायची 200 ला. डझनाचे 1,440 गुंतले, सगळ्या विकल्या तर 960 सुटतात. पण पाच बाटल्या पडून राहिल्या तर हातात येतात 1,400. म्हणजे 40 रुपये घरचेच गेले! म्हणून निवड महत्त्वाची.

आता ते "गायब होते" काय आहे? मस्क म्हणजे कस्तुरीसारखा वास. खरी कस्तुरी नर कस्तुरीमृगाच्या ग्रंथीतून मिळते आणि 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्यामुळे तिचा व्यापार करता येत नाही. आजचा मस्क बहुतेक कारखान्यात बनतो, थोडाफार कस्तुरी भेंडीच्या बियांपासून. 120 रुपयांत कुणी 'अस्सल कस्तुरी' देत असेल तर हसून पुढे चला.

फुलाचा वास हलका, तो आधी उडतो. मस्कचे रेणू जड, ते अंगावर तासन्‌तास टिकतात. गंमत अशी की काही लोकांच्या नाकाला काही प्रकारचे मस्क कळतच नाहीत, बाकी सगळे वास नीट येतात तरी! शिवाय आपल्याच अंगावरच्या वासाला नाक लवकर सरावतं. त्यामुळे ताईंचं गुलाब गायब झालं होतं की फक्त त्यांच्या नाकाला कळत नव्हतं, हे त्यांना एकटीला ठरवता येणारच नव्हतं.

मी सांगितलं, सकाळी दहाला एका मनगटावर एक, दुसऱ्यावर दुसरं लावा. चोळू नका. दुपारी दोनला येणाऱ्या बायांना वास घ्यायला सांगा, नाव सांगू नका. "कसं वाटतं?" असंही विचारू नका, सगळ्या छानच म्हणतात. विचारा, "200 रुपयांत कोणतं घ्याल?" आणि हे उन्हाच्या दिवशीच करा. आपल्याकडच्या उन्हाळ्यात वास लवकर उडतो, आणि गिऱ्हाईक लग्नाला त्याच उन्हात जाणार आहे.

दहा जणींपैकी सात जणींनी गुलाब निवडलं. तेच, 'गायब' झालेलं!

ताईंनी व्यापाऱ्याशी बोलून आठ गुलाब, चार मोगरा असं मिश्र डझन घेतलं. सुटं तेल आणून स्वतःचं लेबल लावायचाही त्यांचा विचार होता. त्यासाठी आधी अन्न व औषध प्रशासनाच्या कार्यालयात परवान्याची चौकशी करा म्हटलं, तोवर पॅकबंदच बरं. आणि बाटल्या समोर उन्हात मांडू नका, नमुन्याची एकच बाहेर ठेवा.