मनगट सुटेपर्यंत

चाळिशीत कराटे ड्रेस घालून शाळकरी मुलांच्या रांगेत उभं राहायची लाज पहिल्या आठवड्यातच संपते. शोतोकान या कराटेच्या शैलीत नवख्यांना सहसा आधी हेइआन शोदान हा काता, म्हणजे ठरलेल्या हालचालींची मालिका, शिकवतात. २१ हालचाली : खालचा ब्लॉक, पंच, वरचा ब्लॉक, शेवटी तळहाताच्या कडेचे चार ब्लॉक, म्हणजे शुतो. नवव्या आणि सतराव्या हालचालीला किआई, म्हणजे जोरदार आरोळी. तो पाठ होतो, परीक्षेत पासही होता येतं आणि मग वाटू लागतं, आता कुणी अंगावर आलं तर बघून घेऊ. सावध राहायचं ते इथे.

चौथी हालचाल घ्या. त्याआधी मागे वळून उजव्या हाताने खालचा ब्लॉक झालेला असतो. आता तोच हात मागे ओढून, वरून गोल फिरवत मुठीचा हातोडा मारायचा. वर्गात अर्थ सांगितला होता : कुणी मनगट धरलं की झटका द्या, सुटलं की हाणा. जोडीदारीण अलगद धरायची, हात लगेच सुटायचा. घरी धाकट्या भावाला म्हटलं, "खरंखुरं धर रे." तो गॅरेजमध्ये दिवसभर पाने फिरवणारा. मी झटका दिला तर हात सुटला नाहीच, उलट मीच त्याच्याकडे ओढली गेले. "ताई, परत कर," म्हणाला आणि हसत राहिला.

पकड कच्ची असते ती अंगठा आणि बोटांची टोकं भेटतात तिथे. मनगटाची कड त्या फटीकडे वळवली, कोपर पोटाशी आणलं आणि पुढचा पाय मागे घेत सगळं अंग ओढलं, तेव्हा कुठे हात सुटला. कात्यात नेमका तोच पाय मागे येतो. वर्गात मात्र सगळ्यांचं लक्ष हातोड्याकडे.

तेव्हा एकेक हालचाल सुटी काढा आणि सहजासहजी न सोडणाऱ्या माणसाबरोबर, आधी सावकाश, करून पाहा. थांबायची खूण म्हणून दोनदा थाप मारायची, हे आधीच ठरवा. आमच्यात ते न ठरवल्याने एकीचा अंगठा चांगलाच लचकला. कमरेशी ओढलेली दुसरी मूठही शोभेची नाही. समोरच्याचा हात किंवा बाही धरून खेचायला ती आहे. खालच्या ब्लॉकने लाथ अडवायची, हा अर्थ मात्र मला पटत नाही. जोरात येणाऱ्या नडगीवर हाताचं हाड आपटण्यापेक्षा बाजूला सरकलेलं बरं.

कराटेगुरू अंको इतोसू यांनी विसाव्या शतकाच्या सुरुवातीला ओकिनावातल्या शाळांसाठी हेइआन मालिकेतले काते बसवले. तेव्हा त्यांना पिनान म्हणत. हेइआन हे नाव शोतोकानचे संस्थापक फुनाकोशी यांनी दिलं आणि पहिल्या दोन कात्यांचा क्रमही बदलला. शाळेत सगळ्यांना एकदम शिकवायचं म्हटल्यावर कवायत पुढे आणि उपयोग मागे, असं झालं असावं.

हात सुटल्यावर हातोडा मारत बसू नका. भारतीय न्याय संहितेची ३४ ते ४४ ही कलमं स्वसंरक्षणाचा हक्क देतात, पण गरजेपुरताच. ओरडा, पळा, ११२ ला फोन करा. वर्गात लाजत काढलेल्या किआईचा खरा उपयोग तिथे होतो.

आणि एकदा तरी नेहमीच्या कपड्यांत, खांद्याला पर्स, पायात चपला अशी तालीम करा. पायजम्यात पडतो तेवढा लांब पाय साडीत पडत नाही, पवित्रा आखूड ठेवावा लागतो. परीक्षेत मात्र तो लांबच ठेवा, नाहीतर सर मार्क कापतात.