तपकिरी भिंतींनी घर तापतं का?

प्रश्न : सोलापूरच्या भवानी पेठेत आमचं जुनं घर आहे. मुलीला हॉलच्या भिंती गडद तपकिरी हव्या आहेत. आई म्हणते, अशा रंगाने उन्हाळ्यात घर तापेल. पेंटर म्हणतो, डाग दिसणार नाहीत, बिनधास्त द्या. कोणाचं ऐकावं?

उत्तर : आईंची शंका रास्त आहे, पण ती घराबाहेरच्या रंगाला लागू पडते. गडद रंग ऊन शोषतो हे खरं, मात्र त्यासाठी ऊन त्याच्यावर पडायला हवं. सोलापुरात मे महिन्यात पारा चाळिशी ओलांडतो, तेव्हा घर तापतं ते मुख्यतः वरच्या स्लॅबने किंवा पत्र्याने आणि पश्चिमेच्या भिंतीने. आतली भिंत सावलीत असते. खिडकीतून थेट ऊन येत असेल तर थोडा फरक पडेल, आणि तो पडदा ओढला की जवळजवळ संपतो. गारवा हवा असेल तर गच्चीवर चुन्याचा पांढरा हात मारा; त्याचा उपयोग कितीतरी जास्त.

खरा प्रश्न उजेडाचा आहे. पांढरी भिंत पडलेल्या उजेडापैकी साधारण 80 टक्के परत फेकते, गडद तपकिरी जेमतेम 10 टक्के. पेठेतली घरं एकमेकांना खेटून असल्याने बऱ्याच खोल्यांना एकाच बाजूने खिडकी असते. मागच्या कोपऱ्यात उजेड भिंतीभिंतींवरून उसळत पोहोचतो. दोनदा उसळला तर पांढऱ्या भिंतींवरून 64 टक्के उरतो, तपकिरीवरून फक्त 1 टक्का! म्हणून चारही भिंती तपकिरी केल्यात, तर भर दुपारी दिवा लावावा लागेल.

मग मुलीला नाही म्हणायचं का? मुळीच नाही. एकच भिंत रंगवा, पण ती विचार करून निवडा. खिडकीसमोरची भिंत सगळ्यात जास्त उजेड परतवते, ती फिकट राहू द्या. खिडकीचीच भिंत गडद केली तर उजेडाची तिरीप डोळ्यांना खुपते. उरल्या बाजूच्या भिंती. त्यांतली एक घ्या. छत पांढरंच ठेवा. आपल्या जुन्या वाड्यांतही तपकिरी असायचा तो खांब, तुळया आणि दारांचा, आणि शेजारी चुन्याची पांढरी भिंत. ती जोडी मला आजही फार देखणी वाटते.

पेंटरचं म्हणणं मात्र अर्धंच खरं. चहाचा शिंतोडा गडद रंगावर लपेल. फिकट डाग उलट उठून दिसतील. घरात किंवा शेजारी यंत्रमाग असेल तर सुताची पांढरी तूस आणि धूळ त्या भिंतीवर लगेच नजरेत भरेल. ओल असेल तर क्षारांचे पांढरे चट्टेही. त्यामुळे आधी ओलीचा बंदोबस्त करा, आणि पुसता येईल असा, किंचितच चमक असलेला रंग घ्या. अगदी मॅट भिंतीवर हात घासला तरी चकाकणारा पट्टा उमटतो.

रंग फिका पडेल ही धास्ती नको. तपकिरी रंगात सहसा लोहाचे ऑक्साइड असतात, आपल्या गेरूतही तेच. ते उन्हाला चांगले टिकतात.

शेडकार्डच्या बोटभर तुकड्यावरून निर्णय घेऊ नका. छोटा नमुना डबा आणून दोन फूट चौरस पट्टा रंगवा, पूर्ण वाळू द्या, आणि सकाळी, दुपारी व रात्री दिवा लावून पाहा. पिवळसर दिव्यात तपकिरी उबदार दिसतो, निळसर पांढऱ्या ट्यूबखाली मळकट. पट्टा मुलीला आणि आईंना एकत्रच दाखवा.