मंत्र्यांना कोण विचारणार?

आगगाडी उशिरा आली, की आपण फलाटावर कुरकुरतो. स्टेशनमास्तरांना विचारले तर ते म्हणतात, "वरून हुकूम नाही." मग वरच्यांना कोण विचारणार?

त्याचीही सोय आहे. दिल्लीला लोकसभा भरते. तिथे कामकाजाचा पहिला तास बहुधा प्रश्नांचा असतो. आपण निवडून दिलेले खासदार मंत्र्यांना प्रश्न विचारतात. नवा लोहमार्ग कधी होणार? पूल का रखडला? पैसा कुठे गेला?

ज्या प्रश्नावर चांदणीची खूण असते, त्याचे उत्तर मंत्री उभे राहून तोंडी देतात. उत्तर अपुरे वाटले, तर तिथल्या तिथे उपप्रश्न विचारता येतो. खूण नसेल, तर उत्तर लेखी मिळते.

पण उत्तर देणे म्हणजे नुसते बोलणे नव्हे. नोव्हेंबर १९५६ मध्ये त्या वेळच्या मद्रास राज्यात अरियलूरजवळ पुराने पूल खचला. गाडी नदीत कोसळली. शंभरावर माणसे दगावली. गाडी काही रेल्वेमंत्री चालवत नव्हते. तरीही लालबहादूर शास्त्रींनी जबाबदारी पत्करली आणि मंत्रिपद सोडले.

आता आपल्याला लिहिता येते. मग नुसते कुरकुरायचे कशाला? खासदारांना पत्र लिहू या. गाडी कोणती, दिवस कोणता, अडचण काय, ते नीट मांडू या. खाली सही करू या. अंगठा नव्हे, सही!

सांगा पाहू : तुम्ही पहिला प्रश्न कोणता विचाराल?