पुदिना सावलीत का वाळवावा?

पुदिन्याची जुडी आणली, की चटणी करून थोडी पाने उरतात. अंधेरी, घाटकोपर, मुलुंडच्या कितीतरी घरांत ती वाळवून बरणीत भरतात. पुढे ती रायत्यात किंवा काढ्यात उपयोगी पडतात. पण कधी कधी बरणी उघडली, तर नुसता गवतासारखा वास येतो. असे का होते?

मुलांनो, पुदिन्याचा वास म्हणजे त्यातील सुगंधी तेल. पानाच्या पृष्ठभागावर तेलाच्या अतिशय बारीक पिशव्या असतात. पान बोटांत चोळले, की त्या फुटतात आणि वास दरवळतो. तुळस आणि सब्जा यांच्या पानांतही तेल असेच साठते.

हे तेल हवेत उडून जाते. अत्तराचा थेंब उन्हात किती लवकर उडतो, हे तुम्हांला ठाऊक आहे. कडक उन्हात पानांचेही तसेच होते. पिशव्या सुकून फुटतात, तेल निघून जाते आणि हिरवा रंगही फिका पडतो. तेलात अनेक घटक असतात. त्यांतील हलके घटक आधी उडतात. म्हणून तेल कमी तर होतेच, शिवाय उरलेल्या तेलाचा वासही बदलतो. फार तापलेल्या भट्टीत पाने लवकर वाळतात, पण पाण्याबरोबर तेलही जाते.

म्हणून पाने धुऊन, पाणी निथळून, स्वच्छ कापडावर एकेक पसरावीत. जागा सावलीची आणि वाऱ्याची असावी. पाने हाताने चुरली जाऊ लागली, की ती वाळली असे समजावे.

पावसाळ्यात मात्र सावलीही पुरत नाही. सांताक्रूझच्या वेधशाळेत जून ते सप्टेंबर या काळात सरासरी 2000 मिलिमीटरपेक्षा जास्त पाऊस मोजला जातो. अशा दमट हवेत पाने वाळण्याआधीच त्यांवर बुरशी येते. कारखान्यात सुमारे 40 अंश सेल्सिअसच्या मंद उष्णतेवर ती वाळवता येतात. घरी मात्र या दिवसांत पाने ताजीच वापरावीत.

आता एक गंमत पाहा. कोथिंबीर वाळली, की तिचा वास जातो. पण त्याच झाडाचे धने उन्हात वाळवले तरी सुगंधी राहतात. धने, जिरे आणि बडीशेप, म्हणजे आपली सौंफ, यांचे तेल दाण्याच्या आतल्या नळ्यांत बंद असते. म्हणून धने लागतील तेव्हाच कुटावेत.

पाणी जावे आणि तेल राहावे, यातच वाळवण्याचे कौशल्य आहे.

स्वाध्याय
1. पान चोळल्यावर वास का येतो?
2. कारणे द्या : धने लागतील तेव्हाच कुटावेत.
3. उपक्रम : एका जुडीची निम्मी पाने उन्हात व निम्मी सावलीत वाळवा. दोन्हींच्या रंगांत व वासांत पडलेला फरक पाच वाक्यांत लिहा.