आधी ११२, मग प्राचार्य

आमच्या महाविद्यालयाच्या शिस्तपालन समितीत मी बरीच वर्षं होतो. पोरांच्या मारामाऱ्या, वसतिगृहातल्या चोऱ्या, अपरात्री दवाखान्यात न्यावी लागलेली मुलं, सगळं जवळून पाहिलं. त्यातून एक गोष्ट पक्की कळली. कॅम्पसवर काही घडलं की बातमी सगळीकडे पोचते, नोंद मात्र कुठेच होत नाही. मुलगा वॉचमनला सांगतो, वॉचमन रेक्टरना, रेक्टर उपप्राचार्यांना, ते प्राचार्यांना आणि प्राचार्य संस्थेच्या सचिवांना. प्रत्येकजण वरच्याला सांगून मोकळा होतो. या साखळीत पोलीस आणि ॲम्ब्युलन्स बहुतेक वेळा शेवटी येतात.

एका चोरीची हकिगत सांगतो. स्नेहसंमेलनाची रात्र होती, वसतिगृह रिकामं. दुसऱ्या वर्षाच्या एका मुलाच्या खोलीचा कोयंडा उचकटून त्याचा लॅपटॉप आणि चार्जिंगला लावलेला मोबाईल कुणीतरी नेला. लॅपटॉपचे हप्ते अजून फिटायचे होते. मुलगा धावत रेक्टरकडे गेला. "पाहुणे बसलेत, सकाळी बघू," असं उत्तर मिळालं. सकाळी सुताराने नवा कोयंडा ठोकला आणि खोली झाडून घेतली गेली. पंचनाम्याला जे दाखवायचं, ते केरात गेलं.

पुढे ठरलं की आतल्या आत शोध घ्यायचा. पोलीस आले की पेपरात नाव येईल, हे कारण. मग पोरांच्या पेट्या उघडून झाल्या आणि मेसमध्ये ताटं उचलणाऱ्या पोराला ऑफिसात बसवून ठेवलं गेलं. त्याच्याविरुद्ध पुरावा एवढाच, की तो गरीब होता. दरम्यान चोरलेल्या फोनमधलं सिमकार्ड वापरून मुलाच्या खात्यातली शिष्यवृत्ती काढली गेली.

महिना उलटल्यावर त्याचे वडील गावाहून आले. त्या दोघांबरोबर मी पोलीस ठाण्यात गेलो. ठाणे अंमलदाराने साधे प्रश्न विचारले. इतके दिवस कुठे होता? कॉलेजला लेखी कळवलं होतं का? कॅमेऱ्याचं चित्रण आहे का? लेखी काहीच नव्हतं, आणि जुन्या चित्रणावर कधीच नवं चढलं होतं. शेवटी हातात पडला तो वस्तू 'गहाळ' झाल्याचा दाखला. लॅपटॉपला चोरीचा विमा होता, पण कंपनीने गुन्हा दाखल झाल्याची प्रत मागितली. गहाळ दाखल्यावर पैसे मिळाले नाहीत. लॅपटॉप सापडला नाही, मेसमधलं पोर काम सोडून गेलं.

तेव्हापासून मी मुलांना आणि पालकांना जे सांगत आलो, ते इथे मांडतो.

जिवावर बेतलं असेल, आग असेल, हाणामारी चालू असेल, तर पहिला फोन ११२ ला. पोलीस, अग्निशमन, वैद्यकीय मदत, सगळ्यांसाठी हा एकच क्रमांक आहे. नुसती ॲम्ब्युलन्स हवी असेल तर १०८. ती सेवा मोफत आहे. फोनवर फक्त कॉलेजचं नाव सांगू नका. मोठ्या आवाराला दोन-तीन फाटकं असतात आणि रात्री त्यातली बरीचशी कुलूपबंद. कोणतं फाटक, कोणती इमारत, कितवा मजला, हे सांगा, आणि एकाला फाटकावर उभं करा. रेक्टरना नक्की कळवा, पण त्यांच्या परवानगीसाठी थांबू नका. ११२ ला फोन करायला परवानगी लागत नाही. 'पोलीस केस' आहे म्हणून एखादा दवाखाना जखमीला हात लावायला कचरला, तर त्यांना सांगा की आधी उपचार, मग कागद, हे सर्वोच्च न्यायालयाने १९८९ सालीच बजावलं आहे.

चोरी झाली असेल तर खोलीत पुन्हा पाऊल टाकू नका. दारातूनच फोटो काढा. फोन गेला असेल तर दुसऱ्याच्या फोनवरून सिम बंद करवा आणि बँकेला कळवा. पैसे गेले असतील तर त्याच तासात १९३० ला तक्रार करा. पैसा एका खात्यातून दुसऱ्यात पळत असतो. तो वाटेत अडवायचा तर उशीर चालत नाही. फोन सरकारच्या 'संचार साथी' पोर्टलवरून बंद करता येतो, पण त्यासाठी पोलिसांकडच्या तक्रारीची प्रत आणि फोनचा आयएमईआय क्रमांक लागतो. हा क्रमांक फोनच्या खोक्यावर असतो. तो आजच वहीत उतरवून ठेवा.

मग कागद. कॉलेजला अर्ज द्या, दोन प्रतींत. काय घडलं, कुठे, किती वाजता, कुणी पाहिलं, एवढंच लिहा. कुणावर संशय आहे ते ठोस कारण असल्याशिवाय लिहू नका. त्याच अर्जात अमुक कॅमेऱ्याचं अमुक वेळेतलं चित्रण जपून ठेवावं अशी मागणी करा, कारण बऱ्याच ठिकाणी ते काही दिवसांतच पुसलं जातं. दुसऱ्या प्रतीवर आवक क्रमांक, तारीख आणि शिक्का घेतल्याशिवाय खिडकी सोडू नका. ही पोच म्हणजेच तुमची साक्ष.

कॉलेजात अर्ज दिला म्हणजे पोलिसांत तक्रार झाली, असा समज पुष्कळांचा असतो. तसं नसतं. कॉलेज फार तर विद्यार्थ्याला काढून टाकेल. गुन्ह्याचा तपास पोलीसच करतात. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ नुसार दखलपात्र गुन्ह्याची खबर कोणत्याही ठाण्यात देता येते. 'आमच्या हद्दीत येत नाही' हे कारण चालत नाही. ऑनलाइन खबर दिली तर तीन दिवसांत जाऊन सही करावी लागते. नोंदवलेल्या खबरीची प्रत मोफत मिळते, ती मागून घ्या. वस्तू चोरीला गेली असेल तर 'गहाळ' या शब्दावर सही करू नका. गुन्हा नोंदवून घेतला नाही, तर पोलीस अधीक्षकांना टपालाने लेखी कळवा. तिथेही दाद लागली नाही, तर दंडाधिकाऱ्यांकडे जाता येतं.

काही गोष्टी तर कॉलेजने मनात आणलं तरी आतल्या आत मिटवता येत नाहीत. रॅगिंग त्यातली पहिली. महाराष्ट्राचा रॅगिंगविरोधी कायदा १९९९ चा आहे. तक्रार आल्यावर सात दिवसांत चौकशी करणं त्यात संस्थाप्रमुखावर बंधनकारक आहे, आणि दुर्लक्ष केलं तर तो रॅगिंगला साथ दिल्यासारखाच धरला जातो. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २००९ च्या नियमांनुसार गुन्हा दिसत असेल तर संस्थेने २४ तासांत पोलिसांत खबर द्यायची असते. मुलाला पुढे यायची भीती वाटत असेल तर १८००-१८०-५५२२ ही हेल्पलाइन आहे.

लैंगिक छळाची तक्रार कॉलेजच्या अंतर्गत समितीकडे तीन महिन्यांच्या आत द्यायची असते. योग्य कारण असेल तर समिती आणखी तीन महिने देऊ शकते. समितीकडे गेलं म्हणून पोलिसांचा रस्ता बंद होत नाही, दोन्ही एकाच वेळी करता येतं. बलात्कार पीडितेवर तातडीने आणि मोफत उपचार करणं सरकारी आणि खासगी, दोन्ही रुग्णालयांवर बंधनकारक आहे. आणखी एक गोष्ट प्राध्यापकांच्याही ध्यानात नसते. आपल्याकडे त्याच आवारात अकरावी-बारावीचे वर्ग भरतात आणि ती मुलं बहुधा अठराच्या आतली असतात. त्यांच्यावर लैंगिक अत्याचार झाल्याचं ज्याला कळलं, त्याने पोलिसांना कळवलंच पाहिजे, असं २०१२ चा पोक्सो कायदा सांगतो. गप्प बसणं हाच तिथे गुन्हा आहे.

शेवटचं सांगणं माझ्यासारख्या शिक्षकांना. एकोणीस वर्षांचं पोर एकटं ठाण्यात गेलं तर त्याला बाकावर ताटकळत बसवतात. सोबत शिक्षक असला की खुर्ची मिळते आणि लिहूनही घेतलं जातं. हे असं असू नये, पण आहे. तेव्हा मुलगा दारात आला की संस्थेचं नाव, पेपर, सचिव हे सगळं बाजूला ठेवा. त्याच्याकडून अर्ज लिहून घ्या, गाडी काढा आणि त्याच रात्री बरोबर जा.